उंबरठ्याच्या आत आलेले पिंप

मद्याच्या बाजारपेठेने आपल्या समाजात शिरण्यासाठी आजवर अनेक वेष धारण केले. कधी ती प्रतिष्ठेच्या वेषात आली, कधी आधुनिकतेच्या, तर कधी थेट द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याच्या कल्याणाचा कळवळा घेऊन आली. आता तिने छंदाचा वेष घेतला आहे. बागकाम, छायाचित्रण, गिर्यारोहण यांच्या पंगतीत ‘घरच्या घरी बीअर करणे’ या उद्योगाला मानाचे पान मांडले जात आहे आणि त्या पानाशेजारी एक चकचकीत पोलादी पिंप ठेवले जात आहे. त्याचे नाव मिनी केग. हातात धरून नेता येईल, शीतकपाटात मावेल आणि तोटी फिरवताच फेसाळता पेला भरून देईल असे हे पिंप. मुंबई, पुणे आणि बंगळूरूत घरी बीअर करणाऱ्या हौशी मंडळींचे गट आहेत. संख्येने ते थोडे आहेत, म्हणून या विषयाकडे दुर्लक्ष करावे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. कारण प्रश्न पिंपांच्या संख्येचा नसून पिंप कोठे ठेवले जाते याचा आहे.

यंत्र लहान, हेतू मोठा

हे यंत्र नेमके करते काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात मुरवायचे, गाळलेला अर्क उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालायची, थंड झाल्यावर यीस्ट मिसळून काही दिवस आंबवायचे, की बीअर तयार होते. खरी कटकट पुढे असते. एकोणीस लिटर बीअर बाटल्यांत भरायची म्हणजे तीनशे तीस मिलिलिटरच्या सत्तावन्न बाटल्या धुवाव्या, निर्जंतुक कराव्या, भराव्या आणि बुचे बसवावी लागतात. या कष्टांतून सुटका म्हणून पिंप आले. शीतपेयांच्या कंपन्या पाक साठवण्यासाठी जी कॉर्नेलियस टाकी वापरीत असत, ती त्या उद्योगात कालबाह्य झाली आणि अमेरिकेतील हौशी बीअरवाल्यांनी ती उचलली. तिच्यात सुमारे एकोणीस लिटर मावतात. त्याहून लहान ते पाच लिटरचे पत्र्याचे पिंप. त्याहूनही लहान आणि देखणे ते दुहेरी भिंतीचे पोलादी भांडे. पोर्टलंडच्या ग्रोलरवर्क्स कंपनीने २०१४ मध्ये असे भांडे लोकवर्गणीच्या मार्गाने बाजारात आणले, तेव्हा तिच्या पदरात दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम पडली.

या सर्वांचे मर्म एका लहानशा नळकांडीत आहे. तिच्यात दाबाखाली कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरलेला असतो. बीअरला हवा लागली की ती एका दिवसात शिळी होते; या वायूच्या पांघरुणाखाली ती कित्येक आठवडे ताजी राहते. म्हणजे उघडलेली बाटली संपते आणि निदान रिकामी तरी दिसते. पिंप मात्र संपत नाही आणि रिकामे झालेले दिसतही नाही.

घरातील गृहिणीला या एका फरकाचा अर्थ कोणत्याही शास्त्रज्ञाहून अधिक लवकर कळेल. आजवर घरात कोणी पीत असेल, तर त्याचा हिशेब रिकाम्या बाटल्या देत. रद्दीवाल्याकडे गेलेल्या बाटल्या मोजून कित्येक मातांनी मुलाला आणि कित्येक पत्नींनी पतीला वेळीच जाब विचारला आहे. पिंपाला असा हिशेब नाही. पेला कधी भरला, कितीदा भरला, हे पिणाऱ्याखेरीज कोणासही ठाऊक नसते. आणि काही काळाने ते त्यालाही ठाऊक नसते!

‘बीअर म्हणजे काही दारू नव्हे’ हा युक्तिवाद या पिंपाबरोबर फुकट मिळतो. थोडे गणित करू. साधारण बीअरमध्ये पाच टक्के मद्यार्क असतो. म्हणजे पाच लिटरच्या पिंपात अडीचशे मिलिलिटर शुद्ध मद्यार्क झाला. आपल्या बाजारातील व्हिस्कीत तो ४२.८ टक्के असतो. म्हणजे पाच लिटरचे हे ‘निरुपद्रवी’ पिंप व्हिस्कीच्या पाऊण बाटलीहून थोडे अधिकच भरते. एकोणीस लिटरची टाकी जवळजवळ तीन बाटल्यांच्या तोडीची. पाणी अधिक घातल्याने विषाचे प्रमाण पातळ होते, विष नाहीसे होत नाही. मद्यपेयांना कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच बसविले. मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असे याच संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. तिने त्यात बीअरचा अपवाद केलेला नाही.

त्यांचा इतिहास, त्यांची मर्यादा

या छंदाचे पुरस्कर्ते अमेरिकेचा दाखला देतात. दाखला द्यावाच, पण पूर्ण द्यावा. अमेरिकेने १९२० मध्ये देशभर दारूबंदी आणली आणि १९३३ मध्ये ती उठविली. तरीही घरी बीअर करण्यास तेथे केंद्रीय कायद्याने मान्यता मिळायला १९७८ साल उजाडावे लागले. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या विधेयकावर स्वाक्षरी केली. ब्रिटनमध्ये घरगुती बीअरवरील परवान्याचे बंधन १९६३ मध्ये गेले. मिसिसिपी आणि अलाबामा या अमेरिकी राज्यांनी तर २०१३ पर्यंत हा छंद कायदेशीर मानला नव्हता. मान्यता देतानाही अमेरिकेने मर्यादा घातली : एका प्रौढ व्यक्तीस वर्षाला शंभर गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घरास दोनशे गॅलन आणि विक्रीस पूर्ण बंदी. दोनशे गॅलन म्हणजे सुमारे ७५७ लिटर. दिवसाला दोन लिटरहून अधिक. ज्या समाजात ही मर्यादा ‘संयम’ म्हणून मान्य होते, त्या समाजाचा संयम त्यांना लखलाभ असो. शीत कटिबंधातील, जवाच्या प्रदेशातील लोकांनी आपल्या घरात काय करावे, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्यांचा छंद हा आपला आदर्श कसा ठरतो, हे विचारण्याचा अधिकार मात्र आम्हांला निश्चित आहे.

द्वारकेची दवंडी

येथे आणखी एक हुकमी बाण सोडला जातो. ‘तुमच्या वेदांत सोम आहे, पुराणांत सुरा आहे, मग आता कसली संस्कृती सांगता?’ अर्धवट वाचनाचे हे उत्तम उदाहरण आहे. सुरा होती, हे कोण नाकारतो? पण सुरेविषयी या समाजाने पुढे काय ठरविले, तो खरा इतिहास आहे. सुरापानाची गणना स्मृतिकारांनी महापातकांत केली. आदिपर्वात कचाची राख मद्यात मिसळून असुरांनी शुक्राचार्यांना पाजली आणि शिष्याचा घात आपल्याच हातून झाल्याचे कळताच त्या आचार्यांनी ब्राह्मणांसाठी मद्य वर्ज्य ठरविले. म्हणजे निषेधाची ही मर्यादा अज्ञानातून आली नाही, अनुभवाच्या चटक्यातून आली.

याहून मार्मिक प्रसंग मौसल पर्वात आहे. विनाशाची चाहूल लागली तेव्हा श्रीकृष्ण, बलराम, आहुक आणि बभ्रू यांच्या आज्ञेने द्वारकेत दवंडी पिटली गेली : आजपासून वृष्णी आणि अंधक यांच्या घरांत कोणीही सुरा आणि आसव करू नये, करील त्यास सुळाची शिक्षा. वाचकांनी लक्ष द्यावे. बंदी गुत्त्यांवर घातली नव्हती, घरांतील मद्यनिर्मितीवर घातली होती! कुळाचा नाश घरात शिजणाऱ्या मद्यातून होतो, हे द्वारकेच्या धुरिणांनी ओळखले होते. पुढे प्रभासक्षेत्री ती मर्यादा सुटली, पेले भरले गेले, सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात शब्दाने शब्द वाढला आणि जे शत्रूंना जमले नाही, ते यादवांनी आपल्याच हातांनी करून दाखविले.

कौटिल्याचेही नाव घेतले जाते. अर्थशास्त्राच्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात गृहस्थांना विशेष प्रसंगी आणि औषधासाठी मद्य करण्याची सवलत आहे, हे खरे. पण त्याच प्रकरणात असेही आहे, की ज्यांच्या शुद्ध वर्तनाची खात्री आहे त्यांनाच मोजके मद्य बाहेर नेऊ द्यावे. म्हणजे मद्य भांड्यात भरून नेणाऱ्याचे चारित्र्य राज्याने आधी पाहावे, असे त्या व्यवहारकुशल आचार्याचे मत होते. आमच्याकडे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात मायक्रोब्रुअरींना ग्रोलर भरून ताजी बीअर देण्याची मुभा मिळाली, तेव्हा चारित्र्य कोणी पाहिले? मोजली गेली ती तिजोरीतील आवक.

हातभट्टी आणि ‘होम ब्रू’

आता कायद्याकडे वळू. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आजच्या नावाने महाराष्ट्र दारूबंदी कायदा, परवान्याविना मद्य तयार करण्यास मनाई करतो. घरगुती छंदासाठी त्यात सूट नाही. बंदी भट्टी लावून केलेल्या दारूला आणि सवलत आंबवून केलेल्या बीअरला, असाही भेद तो करीत नाही. तरीही वस्तीतील पत्र्याच्या झोपडीत पिंप सापडले, की तो ‘हातभट्टीवर छापा’ होतो. उंच इमारतीच्या विसाव्या मजल्यावर पिंप सापडले, तर तो ‘होम ब्रू’ ठरतो आणि आठवड्याच्या पुरवणीत त्याचे रंगीत छायाचित्र छापून येते. विक्रोळीत २००४ मध्ये आणि मालवणीत २०१५ मध्ये विषारी दारूने गरिबांचे बळी घेतले. घरच्या बीअरने तसे मृत्यू होत नाहीत, हे मान्य. पण कायदा एक आणि न्याय दोन, ही स्थिती कोणत्या समतेत बसते? समतेची जपमाळ ओढणारी मंडळी येथे मौन का पाळतात?

हे मौन केवळ त्यांचेच नाही, आपलेही आहे. वस्तीत व्यसनमुक्तीचे काम करणारा कार्यकर्ता जेव्हा सायंकाळी सुस्थित घराच्या दिवाणखान्यात जातो, तेव्हा तेथील पिंपाविषयी बोलताना त्याची जीभ अडखळत असेल, तर वस्तीतील त्याच्या शब्दाला वजन कोठून येणार? महाराष्ट्रात ग्रामीण स्त्रियांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानातून गावोगावची दुकाने बंद पाडली. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळवण्यासाठी त्या माउल्यांनी रोजगार बुडवला, धमक्या सोसल्या. शहरी सोसायट्यांच्या आवारातील नव्या बीअर आणि मद्याच्या दुकानांना सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील, असे राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले. या दोन्ही शस्त्रांचा रोख दुकानावर आहे. दुकान उंबरठ्याबाहेर असते, म्हणून त्याच्याशी लढता येते. शीतकपाटातील पिंपाविरुद्ध मतदान कोठे घ्यायचे? ना-हरकत कोणी नाकारायची?

तिजोरीचा मोह

राज्यकर्त्यांकडून येथे फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, हे सांगताना सरकार कोणाचे आहे हे पाहण्याची आमची पद्धत नाही. जानेवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला आणि तो निर्णय अमलात येऊ शकला नाही. तो विरोध योग्यच होता. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये, ज्या पक्षाने तो विरोध केला तो सत्तेत असताना, बीअरची घटलेली विक्री आणि महसूल यांचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली गेली. बीअर कमी खपते ही चिंतेची बाब कधीपासून झाली? राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितले आहे. खप वाढविण्यासाठी समिती नेमावी असे नाही. तत्त्व विरोधी बाकांवर ठेवून सत्तेच्या बाकांवर जाता येत नाही, हे मित्रांनाही सांगावे लागते.

आपल्या घरापासून

शासनाने काही गोष्टी तरी तातडीने कराव्यात. घरी मद्य करणे बेकायदेशीर आहे, हे उत्पादन शुल्क विभागाने जनतेला स्पष्ट शब्दांत सांगावे आणि बीअर करण्याचे संच विकणाऱ्यांना ही सूचना ठळकपणे देणे बंधनकारक करावे. कारवाई करायची तर झोपडी आणि इमारत यांत भेद करू नये.

परंतु खरे काम घरात आहे. ‘माझ्या घरात मी काय करावे हा माझा प्रश्न’ असे म्हणणाऱ्यास एकच विचारावे : घर एकट्याचे असते काय? त्याच घरात वृद्ध आईवडील असतात, पत्नी असते, आणि वडील जे करतात ते पाहून मोठेपणाची व्याख्या शिकणारे मूल असते. गुत्त्यात पिणारा बाप निदान मुलाच्या डोळ्यांआड पीत होता. छंद म्हणून पिंप सजवणारा बाप मुलाला त्याची कृती शिकवतो, चव वर्णन करून सांगतो आणि वर त्याला विज्ञान म्हणतो. आंबवण्याचेच विज्ञान शिकवायचे, तर आपल्या स्वयंपाकघरात दही आहे, इडलीचे पीठ आहे, कांजी आहे.

लोकमान्यांच्या प्रेरणेने १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन झाले. गाडगेबाबांनी कीर्तनातून खेड्यापाड्यांतल्या माणसाला दारूपासून परावृत्त केले. त्यांच्यासमोर दुकान आणि गुत्ता होता. आपल्यासमोर आपल्याच आप्ताचा दिवाणखाना आहे, म्हणून आपले काम अधिक अवघड आणि अधिक नाजूक आहे. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत हा विषय संकोच न करता यावा. परदेशातून परतणाऱ्या नातलगाने असे पिंप भेट म्हणून आणले, तर ते आदराने पण ठामपणे परत करावे. मित्राच्या घरी पेला पुढे आला, तर तो नाकारताना ओशाळे होऊ नये. ओशाळावे ते देणाऱ्याने. आणि प्रत्येक कार्यकर्त्याने वस्तीत जाण्यापूर्वी स्वतःचे शीतकपाट एकदा उघडून पाहावे. दुकाने आडवी करण्याचे काम आपल्या भगिनींनी केले आहे. हे पिंप आडवे करण्याचे काम मात्र त्या घराच्या कर्त्या पुरुषालाच करावे लागेल.