सुईऐवजी गोळी : अर्धा पेला पाणी, अर्धा तास उपास

प्रथिनांच्या जातीचे औषध तोंडावाटे घेतले की जठरातील आम्ल आणि पेप्सिन हे विकर त्याची अन्नासारखीच मोडतोड करतात. १९२२ साली टोरांटोत इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, तेव्हापासून ज्यांना इन्सुलिन लागते त्यांच्यामागची सुई सुटली नाही, ती मुख्यतः याच कारणाने. स्थूलतेवरील सेमाग्लुटाइड याच कुळातले. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते, पण रक्तात जेमतेम एक-दोन मिनिटे टिकते; त्याच्या धर्तीवर घडवलेले सेमाग्लुटाइड मात्र निम्मे उतरायलाच सुमारे आठवडा घेते, म्हणून त्याचे इंजेक्शन आठवड्यातून एकदाच पुरते.

या औषधाची स्थूलतेसाठीची २५ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केली. तिच्यात सॅल्कॅप्रोझेट सोडियम हा साहाय्यक पदार्थ असतो. गोळी जठराच्या अस्तराला टेकून विरघळते तेव्हा तो तेवढ्याच जागेतले आम्ल सौम्य करतो, पेप्सिनला थोपवतो आणि औषधाला अस्तरापलीकडे जाऊ देतो. हे नाजूक काम पोटात अन्न असले किंवा पाणी जास्त झाले तर बिघडते, आणि म्हणूनच ही गोळी सकाळी उपाशीपोटी, फार तर १२० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढचा अर्धा तास काहीही न खाता-पिता काढावा लागतो. ज्या घरात डोळे उघडताच चहाचे आधण चढते, तिथे हा अर्धा तास रोज, वर्षानुवर्षे पाळणे सुईपेक्षा सोपेच ठरेल असे नाही. शिवाय थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच घ्यायची असल्याने दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्या लागतात.

एवढे सांभाळूनही औषधाचा जेमतेम शेकडा एक भाग रक्तात पोहोचतो. इंजेक्शनातून आठवड्याला २.४ मिलिग्रॅम औषध दिले जाते, तर गोळ्यांतून १७५ मिलिग्रॅम, म्हणजे सत्तरपटींहून अधिक! गोळीला शीतपेटी लागत नाही हा लाभ खराच, पण एवढा कच्चा माल खर्ची पडत असता ती आपोआप स्वस्त होईल असे धरून चालणे भाबडेपणाचे आहे. गुण मात्र निःसंशय आहे: ६४ आठवड्यांच्या चाचणीत सरासरी १३.६ टक्के वजन उतरले, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे २.२ टक्के.

ऑरफोरग्लिप्रॉन या दुसऱ्या औषधाची वाट वेगळी आहे. जपानच्या चुगाई कंपनीत शोधलेला आणि एलाय लिलीने पुढे नेलेला हा रेणू प्रथिनांच्या जातीचा नसून लहान, रासायनिक रीतीने घडवलेला आहे, त्यामुळे त्याला ना साहाय्यक लागतो ना उपास; ७२ आठवड्यांच्या चाचणीत सर्वाधिक मात्रेवर सरासरी ११.२ टक्के घट दिसली. याच वाटेवरचे फायझरचे डॅनुग्लिप्रॉन मात्र एका रुग्णाच्या यकृताला औषधामुळे इजा झाल्याच्या शक्यतेनंतर एप्रिल २०२५ मध्ये थांबवले गेले. ही सावधगिरी योग्यच होती, कारण वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा इतिहास दुखरा आहे: फेनफ्लुरामीन १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडवत असल्याने मागे घ्यावे लागले, आणि हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे सिब्युट्रामीनवर भारतात २०११ मध्ये बंदी आली.

भारतीय शरीरांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली, उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत बीएमआय ३०, किंवा जोडीला आजार असल्यास २७, ही किमान अट होती. भारतात मात्र २५ पासूनच स्थूलता मानली जाते. हातपाय काटक, पोट सुटलेले आणि बीएमआय जेमतेम २५, असा माणूस या चाचण्यांच्या दाराबाहेरच राहिला, आणि त्याच्या बाबतीत गोळीने उतरलेल्या वजनात चरबी किती आणि मुळातच तुटपुंजा असलेला स्नायू किती, हे निव्वळ वजनकाटा सांगू शकत नाही.