आरोप त्यांचा, फाईलही त्यांचीच?

मंडळी, या शनिवारी विषय जरा रुक्ष आहे. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेवर कारवाई करायची ठरवली, तर तिच्याविरुद्धची फाईल त्या बँकेला बघायला मिळावी का? माझं उत्तर : मिळावी. नुसती सोयीची पानं नव्हेत, तर कारवाईशी संबंध असलेली सगळी.

"तू बँकांची वकिली कधीपासून करायला लागलास?" असं ऑफिसात विचारून झालंय. वकिली नाही हो! आमच्या धंद्यात टेस्टरने "चालत नाही" एवढंच लिहून बग टाकला, तर डेव्हलपर आधी लॉग मागतो. कधी चूक कोडची निघते, कधी टेस्टरने जुनीच आवृत्ती तपासलेली असते. लॉग दोघांपुढे असेल तरच ते कळतं.

आता कायदा बघू. बँकिंग नियमन कायदा, १९४९ चं कलम ३५ सांगतं की तपासणी झाल्यावर अहवालाची प्रत बँकेला द्यायचीच. याच कलमात 'छाननी' नावाचा वेगळा प्रकार आहे. तिचा अहवाल बँकेने मागितला तर, किंवा तिच्याविरुद्ध कारवाई करायचा विचार असेल तर द्यायचा. दंडाआधी कारणे दाखवा नोटीस आणि बाजू मांडायची संधी, हे कलम ४७अ मध्ये आहे. चांगलंच आहे. पण अहवाल म्हणजे अख्खी फाईल नव्हे! अहवालामागच्या कागदांबद्दल कलम ३५ गप्प आहे.

सेबीच्या बाबतीत ही गाठ सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सोडवली. टी. ताकानो खटल्यात न्यायालय म्हणालं की कारवाईशी संबंधित तपास अहवाल समोरच्याला दाखवावा लागेल. 'हा आमचा अंतर्गत कागद' एवढं म्हणून भागणार नाही. तिऱ्हाइतांची माहिती आणि बाजाराच्या स्थैर्याला धक्का देणारा भाग तेवढा झाकता येईल. युरोपात तर २०१३ च्या नियमातच (१०२४/२०१३, कलम २२) युरोपीय मध्यवर्ती बँकेची फाईल बघण्याचा हक्क लिहिलाय. गोपनीय माहिती मात्र वगळून.

आता खरा आक्षेप. पीएमसी बँकेने हजारो खोटी खाती दाखवून एकाच बिल्डर समूहाची कर्जं लपवली होती. अशांच्या हातात आधीच फाईल दिली तर पुरावे गायब नाही का होणार? होतील! म्हणूनच तातडीचे निर्बंध आधी लावावेत, फाईल नंतर दाखवावी. पण 'नंतर' म्हणजे 'कधीच नाही' असं होऊ नये.

आणि यात माझं-तुमचं काय? सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध लागले तेव्हा पीएमसीच्या खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येणार होते. एका आदेशाने लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकते. तिथे आदेश योग्य कारणासाठी होता. पण उद्या एखादा चुकीच्या आकड्यावर निघाला, तर ती चूक दाखवू शकेल अशी एकच पार्टी उरते, ती म्हणजे बँक. तिच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली, तर चूक सापडणार कुणाला? खातेदाराला तर नक्कीच नाही.

रिझर्व्ह बँकेवर माझा विश्वास आहे. पण जो निर्णय फाईल उघडल्यावरही टिकतो, त्यावर तो जास्त बसेल. तुम्हाला काय वाटतं?