बंद पडलेल्या खेळातले हसू इतिहासात मोजायचे का?

१/ मित्रहो, आजचा धागा किल्ल्याचा, तहाचा किंवा ताम्रपटाचा नाही. ब्राउझरमध्ये खेळली जाणारी आणि पुढे बंद पडलेली एक विनोदी प्रश्नमंजूषा हा आजचा विषय. असल्या खेळाला इतिहासात जागा द्यावी का? माझे मत स्पष्ट आहे: द्यायलाच हवी. त्याची पहिली साक्ष मात्र आपल्या रत्नागिरीतच काढू.

२/ पु. ल. देशपांडे यांचा 'अंतू बर्वा' रत्नागिरीचा. तो ज्या पुस्तकात आहे ते 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली प्रसिद्ध झाले. गावात वीज आली ही नोंद सरकारी कागदांत सापडेल. पण त्या उजेडाकडे कोकणातला एक निर्धन, तिरकस म्हातारा कोणत्या नजरेने पाहत होता, हे कळते ते केवळ अंतूच्या बोलण्यातून.

३/ कारण विनोद नेहमी गृहीतावर उभा असतो. ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे, हे सांगणाऱ्याने आधीच धरलेले असते. म्हणून जे 'सर्वांना माहीतच आहे' असे समजून कोणी लिहून ठेवत नाही, ते विनोदात आपोआप नोंदले जाते. इतिहासकाराला सर्वांत दुर्मीळ असते ती नेमकी हीच माहिती.

४/ आता प्रश्नमंजूषेकडे वळू. अमेरिकेतील जेलीव्हिजन आणि बर्कली सिस्टिम्स या कंपन्यांनी १९९५ साली 'यू डोन्ट नो जॅक' हा संगणकीय खेळ सीडीवर आणला. प्रश्न सामान्य ज्ञानाचे, पण विचारण्याची तऱ्हा चावट. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासारखा एक सूत्रधार बोलत राहायचा आणि उत्तर चुकले की खेळाडूची यथेच्छ टर उडवायचा.

५/ त्याची खरी गंमत प्रश्नांच्या बांधणीत होती. शेक्सपिअर आणि टीव्हीवरची जाहिरात एकाच वाक्यात नांदायची. 'डिस ऑर डॅट' या फेरीत एकामागून एक सात नावे यायची आणि प्रत्येक नाव दोन गटांपैकी कोणत्या गटातले, हे झटपट सांगावे लागे. दोन्ही गटांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसे.

६/ त्याच धर्तीवर रत्नागिरीसाठी एक प्रश्न रचून पाहा. 'पायरी, अल्फान्सो, मानकुराद, कुन्हा: आंबा, पोर्तुगीज माणूस, की दोन्ही?' ज्याला नुनो द कुन्हा हा गव्हर्नर ठाऊक नाही आणि ज्याने हापूसच्या पेटीवरचे इंग्रजी नाव वाचलेले नाही, त्याला यात हसू येणार नाही.

७/ दोनशे वर्षांनी हा प्रश्न कुणाला सापडला, तर तो काय शिकेल? एवढेच की एकविसाव्या शतकातील कोकणात बाजारपेठ आणि वसाहतवादाचा इतिहास एकाच फळाच्या नावात शेजारी बसले होते, आणि ते लोकांना इतके सवयीचे होते की त्यावर थट्टाही करता येत होती. या एका ओळीत पुराभिलेखाचा ऐवज आहे.

८/ सीडीवरचा हा खेळ लवकरच इंटरनेटवर गेला. १९९६ पासून 'नेटशो' या नावाने त्याचे नवनवे भाग नियमित येत. विसावे शतक सरता सरता तो थांबला. २००७-०८ च्या सुमारास थेट ब्राउझरमध्ये चालणारे छोटे भाग आले आणि तेही थांबले. २०१२ साली फेसबुकवर त्याने नवा अवतार घेतला. २०१५ मध्ये त्यावरही पडदा पडला.

९/ येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. नव्वदच्या दशकातील सीड्यांवरचे खेळ आजही मिळतात, कारण त्यांची प्रत लोकांच्या घरात होती. त्यांच्यानंतर आलेले ऑनलाइन भाग मात्र कंपनीच्या सर्व्हरवर राहत. सर्व्हर बंद झाला की खेळ बंद. जुने टिकले आणि नवे गेले. आपण शिकलेल्या इतिहासात बहुधा याच्या उलट घडते.

१०/ हे दूरच्या देशातले दुःख नव्हे. नेट कॅफेचा जमाना आठवा. तासाचे पैसे मोजून, संथ लाइनवर, एका खुर्चीवर दोघे दाटीवाटीने बसून जे खेळ खेळले जात, त्यांतले बहुसंख्य फ्लॅशवर चालणारे होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालणेच रोखले. एका पिढीचे खेळघर कुलूपबंद झाले.

११/ सगळे गेले असेही नाही. 'फ्लॅशपॉइंट' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक खेळ वाचवले. 'इंटरनेट आर्काइव्ह'ने 'रफल' या साधनाच्या आधारे जुने फ्लॅश खेळ पुन्हा चालते केले. पण या याद्यांत मराठी शोधायला जा, हाती फारसे काही लागत नाही. जे वाचवायला कुणी उभे राहिले, तेच वाचले.

१२/ ही चूक आपण पूर्वी एकदा केली आहे. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले १९६४ साली. मधल्या तेहतीस वर्षांत सिनेमा म्हणजे चार घटकांची करमणूक, तो कशाला जपायचा, ही समजूत होती. आज 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. जाहिराती आणि छायाचित्रे आहेत, आवाज नाही. बोलपट आहे, पण मुका!

१३/ छापील मजकुराचे नशीब थोर, कारण त्याच्यामागे कायदा होता. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे मुद्रकांना बंधनकारक केले आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. हेतू निर्मळ नव्हता. १८५७ नंतरच्या राजवटीला देशी छापखान्यांवर नजर ठेवायची होती. परंतु नोंद करणाऱ्या कारकुनाने थोर आणि क्षुद्र असा भेद केला नाही.

१४/ म्हणूनच त्या याद्यांत पंचांगे आहेत, पोवाडे आहेत, लावण्यांची चोपडी आहेत. त्या काळच्या विद्वानांवर निवड सोपवली असती, तर यातले निम्मे गाळले गेले असते. आजचा अभ्यासक एकोणिसाव्या शतकातील सामान्य वाचकाचा माग काढतो तो त्याच निम्म्याच्या आधारे.

१५/ स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तक पाठवण्याची जबाबदारी टाकली. ब्राउझरमधल्या खेळाला मात्र या चौकटीत स्थान नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने बहुमाध्यमी साहित्यही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याची सोय केली आणि त्यात व्हिडिओ गेमही आले. आपल्याकडे हा विचार अजून वेशीवरच उभा आहे.

१६/ दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला: सगळाच कचरा साठवायचा का? उत्तर वर आलेच. कचरा कोणता हे समकालीनांना कळत नसते. दुसरा अधिक गंभीर आहे: खेळ ही कुणाची तरी मालमत्ता आहे, ती परस्पर उचलणे योग्य का? नाही. म्हणून तर चाहत्यांच्या चोरट्या प्रतींवर विसंबण्याऐवजी कायद्याने जमा होणारी, अभ्यासापुरती खुली प्रत हवी. पुस्तकाबाबत जे मान्य, ते खेळाबाबत अमान्य का?

१७/ शिवाय निव्वळ फाइल जपून भागत नाही. सूत्रधाराने मारलेला टोमणा आज ऐकला, तरी त्या आठवड्यातली बातमी ठाऊक नसेल तर तो पोकळ वाटतो. शिलालेखाला जशी वाचनाची आणि भाष्याची जोड लागते, तशी विनोदालाही लागते. हे भाष्य करू शकणारी माणसे आज हयात आहेत. अजून चाळीस वर्षांनी नसतील.

१८/ म्हणून काम आपल्यापासून सुरू होते. जुन्या संगणकात एखादा मराठी खेळ, प्रश्नमंजूषा, कोडे दडलेले असेल, तर ते कुणीतरी खेळत असतानाचे चित्रण करा, आवाजासकट. कोणत्या साली, कुठे, कुणाबरोबर खेळलात ते लिहा. आणि ज्या प्रश्नावर हसू आले, तिथे ते का आले, याचे एक वाक्य जोडा. पुढच्या अभ्यासकाला ते एक वाक्य शंभर फाइलींहून मोलाचे ठरेल.

१९/ रत्नागिरीला हे जड जाऊ नये. इथल्या जिल्हा नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पर्यंत मागे जाते. जपणूक म्हणजे काय, हे या गावाला छापील मराठी पुस्तक नवलाईचे होते तेव्हापासून ठाऊक आहे. वाचनालयाच्या एका कोपऱ्यात जुने खेळ चालवणारा एक संगणक असावा, ही मागणी मला मुळीच अवास्तव वाटत नाही.

२०/ अंतू बर्व्याचे तिरकस बोल कागदावर उतरले, म्हणून त्या काळची रत्नागिरी आपल्याला ऐकू येते. आपण कशावर हसलो, हे उद्याच्या मुलांना ऐकू येईल का? तुम्ही खेळलेला आणि आता कुठेही न सापडणारा एखादा खेळ आठवत असेल, तर खाली त्याचे नाव, साल आणि गाव लिहा. यादीची सुरुवात इथूनच होऊ द्या.

धागा समाप्त.