पडद्यावरची मातृभाषा

नवापूरचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन राज्यांत विभागलेले आहे. तिकीट खिडकी एका राज्यात, तर स्थानकप्रमुखांचे दालन दुसऱ्या राज्यात. गाड्यांची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतून होते. परंतु तालुक्यातील असंख्य घरांत बोलली जाणारी मावची या चारांत नाही. त्याबद्दल रेल्वेला दोष देण्याचे कारण नाही. खरी चिंता वेगळी आहे. चित्रपटाच्या पडद्यावरही या भाषेला जागा नाही, आणि त्याची खंत मराठीच्या कैवाऱ्यांनाही फारशी वाटत नाही.

अस्मितेची भाषा करणे सोपे असते, तिच्यासाठी तिजोरी उघडणे अवघड. युरोपने हे दुसऱ्या महायुद्धानंतर ओळखले. अमेरिकी चित्रपटांचा लोंढा येताच फ्रान्सने केवळ संस्कृतीच्या नावाने गळा काढला नाही. 1946 साली राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन झाले आणि पुढे चित्रपटगृहातील प्रत्येक तिकिटामागे ठराविक अधिभार घेऊन तो पैसा स्वदेशी निर्मितीकडे वळवण्याची व्यवस्था बसली. गंमत अशी की हॉलिवूडचा चित्रपट पाहणारा प्रेक्षकही नकळत फ्रेंच चित्रपटाला हातभार लावतो. 1993 साली जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींत चित्रपट हा साबण-तेलासारखा विक्रीचा माल नव्हे, ही भूमिका फ्रान्सने निकराने लढवली. 2005 मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वैविध्याच्या रक्षणाचा करार संमत केला, तेव्हा विरोधात मत देणारे देश केवळ दोन होते, अमेरिका आणि इस्रायल. भारत या कराराचा सदस्य आहे, हे येथे आवर्जून सांगावयास हवे.

तथापि नवापूरच्या दृष्टीने फ्रान्सपेक्षा युरोपातील लहान भाषांची कहाणी अधिक बोलकी आहे. वेल्श भाषेच्या दूरचित्रवाहिनीचे आश्वासन ब्रिटिश सरकारने मोडू पाहिले, तेव्हा 1980 साली ग्विन्फर इव्हान्स या नेत्याने आमरण उपोषणाची घोषणा केली. सरकार नमले आणि 1982 मध्ये वाहिनी सुरू झाली. दहा वर्षांनी त्याच भाषेतील ‘हेद विन’ हा चित्रपट निघाला आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्याही आधी, 1987 साली, नॉर्वेच्या उत्तरेकडील सामी या मूलनिवासी समाजातील निल्स गाउप यांनी ‘ओफेलाश’ हा चित्रपट सामी भाषेत काढला. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितली गेलेली दंतकथा हाच त्याचा आधार. त्यालाही ऑस्करचे नामांकन मिळाले. रेनडिअर पाळणाऱ्या त्या समाजाची लोकसंख्या आपल्याकडील एखाद्या तालुक्याहून फार मोठी नाही.

आता सातपुड्याकडे पाहावे. याहामोगी मातेची कथा, होळीतील नृत्ये, रात्ररात्र चालणारी सोंगाड्या पार्टीची नाटके. पटकथेला याहून समृद्ध सामग्री कोठे मिळणार? तरुण मुले आपल्या बोलीतील गाणी चित्रित करून मोबाईलवर प्रसृत करतात. म्हणजे उत्साह आहे, प्रेक्षकही आहे. नाही तो आधार. मराठी चित्रपटाला बहुपडदा गृहांत मोक्याची वेळ मिळावी, म्हणून 2015 साली राज्य शासनाने आग्रह धरला, तो योग्यच होता. पण हिंदीने मराठीला गिळू नये असे म्हणणाऱ्यांनी, मराठीच्या सावलीत मावची, भिली, कोकणा या बोली कोमेजत आहेत, याकडे डोळेझाक का करावी?

येथे एक आक्षेप घेतला जातो. प्रत्येक बोलीला पडदा दिला, तर राष्ट्राच्या एकतेचे काय? दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहिला, तेव्हा त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम-कृष्णांच्या कथा उभ्या राहिल्या. 1912 मध्ये ते लंडनला गेले, यंत्र आणि तंत्र घेऊन आले आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. परक्याचे तंत्र घ्यावे, कथा आपली सांगावी, हा त्यांचा मार्ग. त्याने भारत दुबळा झाला नाही. याहामोगीची कथा मावचीत सांगितल्याने तो कसा दुबळा होईल?

2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. करमाफीचे जुने साधनही त्याबरोबर गेले. तिकिटावरील अल्प अधिभाराचा फ्रेंच मार्ग आता तपासून पाहण्यास हरकत नसावी. त्यातील निश्चित वाटा नंदुरबार, धुळे, पालघर, गडचिरोलीतील बोलींसाठी राखून ठेवावा आणि त्याचा विनियोग मुंबईच्या कार्यालयाने नव्हे, त्या बोली जाणणाऱ्यांनी ठरवावा. एवढा निर्णय राज्याच्या विधिमंडळाच्या आवाक्यातला आहे.