घाणेरी कापून भागत नाही

पुण्याच्या टेकड्यांवरची परदेशी गिरिपुष्पाची झाडं काढायचा विषय निघाला की एक सवाल हमखास येतो : झाड हिरवं आहे, सावली देतंय, मग काढायचं कशाला? नंदुरबारकडे सातपुड्याच्या उतारांवर माजणाऱ्या घाणेरीच्या बाजूनेही हेच बोलता येईल. तिला तर रंगीत फुलं येतात, वर फुलपाखरंही भिरभिरतात!

सवाल भाबडा आहे, पण महागात पडणारा. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. 1809च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. आज देशातल्या वाघांच्या अधिवासाचा सुमारे 40 टक्के भाग तिने व्यापल्याचं 2020 सालचा एक अभ्यास सांगतो. तिच्या जाळीखाली गवत धरत नाही, मोहाची-चारोळीची रोपं वर येत नाहीत. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. भुकेपोटी लावलंच तर यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलते. नंदुरबारमधल्या अक्राणी-धडगावातल्या ज्या घरांना उन्हाळ्यात मोहफुलांचा आधार असतो, त्यांना ही हिरवाई परवडणारी नाही.

मग दुसरा पक्ष सरसावतो : लावा जेसीबी, नाहीतर द्या पेटवून.

ही मर्दुमकी फोटोपुरती. वरून छाटलेली किंवा जळालेली घाणेरी बुंध्यापासून पुन्हा फुटते. यंत्राने उकरलेल्या, ऊन लागलेल्या मातीत तिचंच बी आधी रुजतं. शिवाय बुलबुल आणि साळुंक्या तिची काळी फळं खाऊन नवं बी टाकत राहतात. काठ्यांचं फर्निचर करा, हाही एक तोडगा. कर्नाटकातले सोलिगा आदिवासी कारागीर ते उत्तम करतात, त्यातून चार पैसेही मिळतात; पण कामाच्या काठ्या तोडून बुंधा जमिनीत ठेवला, तर जंगल मोकळं होत नाही.

दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांच्या घाणेरी काढण्याच्या पद्धतीत खोडावर घाव घालत नाहीत. दोघं-तिघं मिळून जमिनीखाली, फुटवे येतात त्या भागाच्या खाली, मुख्य मूळ तोडतात आणि अख्खं झुडूप उचलून उलटं टाकतात. पुढे उगवणारी रोपं उपटायची आणि मोकळ्या जागेत ताबडतोब स्थानिक गवत धरायचं. यंत्र लागत नाही. माणसं लागतात, आणि ओल असताना लागतात.

नंदुरबारमध्ये माणसं आहेत. काम नाही म्हणून दिवाळीनंतर ती गुजरातेत ऊसतोडीला जातात. 2006च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगल राखण्याचा अधिकारही दिला आहे. पुण्याच्या टेकडीप्रेमींकडे एवढा कायदेशीर हक्क नाही. तेव्हा घाणेरी काढणं हे रोजगार हमीचं काम म्हणून ग्रामसभेच्या जंगल व्यवस्थापन आराखड्यात यावं, आणि गवत धरेपर्यंत दरवर्षी त्याच तुकड्यावर परत जाण्याची मजुरीही त्यात असावी. फक्त पहिल्या वर्षाच्या तोडणीचा खर्च दाखवणारा आराखडा समोर आला, तर ग्रामसभेने तो सही न करता परत पाठवावा.