हुलग्याचे शेंगोळे आणि शेतकऱ्याचें ताट

शेतीच्या मासिकांत स्वयंपाकाची चर्चा कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, जें पीक शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरांतून हद्दपार होतें, तें पुढें त्याच्या शेतांतूनहि नाहींसें होतें. हुलगा हें याचें ढळढळीत उदाहरण होय.

कोंकणांत यासच कुळीथ म्हणतात, व तेथें कुळथाची पिठी आणि भात हें जेवण अद्याप आवडीचें आहे. देशावर याचे शेंगोळे होतात, माडगें होतें, पिठलें होतें. पावसाच्या झडींत भिजून घरीं आलेल्या माणसास लसणीच्या वासाचे, वाफाळणारे शेंगोळे वाढले, म्हणजे त्यास दुसऱ्या पक्वान्नाची आठवण होत नाहीं.

या पदार्थास खर्चहि बेताचा लागतो. हुलग्याच्या पिठांत थोडें ज्वारीचें पीठ, वाटलेली लसूण, मिरची, जिरें व मीठ घालून तें घट्ट मळावें. हातावर लांबट वळून त्याचीं कडीं करावीं. पातेल्यांत फोडणी करून पाणी ओतावें व त्यास उकळी फुटली म्हणजे कडीं त्यांत सोडावीं. रसा दाट होण्यास चिमूटभर पीठ पाण्यांत कालवून घालावें. तेल काय तें फोडणीपुरतें. बाजारांतून आणावयाचें असें यांत फारसें कांहीं नाहीं.

हें अन्न स्वस्त आहे म्हणून निकस आहे, असें मात्र कोणी समजूं नये. शंभर ग्रॅम हुलग्यांत सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असतात. ज्वारींत जें लायसिन नांवाचें द्रव्य कमी पडतें, तें कडधान्यांत भरपूर असतें. म्हणून भाकरी आणि हुलगा हीं एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आजीबाईंनीं हें पुस्तकांत वाचलें नव्हतें. परंतु ताटांत त्यांनीं हीच जोडी मांडली होती.

आतां शेताकडे वळूं. हलक्या, मुरमाड जमिनींत व थोडक्या पावसांत जीं पिकें तग धरतात, त्यांत हुलग्याचें स्थान वरचें आहे. पाऊस लांबून बाजरीची पेर चुकली, तरी हुलगा पेरतां येतो. त्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र जमिनींत आणतात, व भूस गुरांच्या उपयोगीं पडतें. असें असतां आमचे कित्येक बंधु माळरानाचा तुकडा पडीक ठेवतात, आणि डाळ मात्र दुकानांतून रोख पैसे मोजून आणतात!

याचें कारण भिडेंत आहे. हुलगा म्हणजे बैलांचें खाद्य, पाहुण्यांपुढें तो कसा ठेवावा, ही ती भीड. तिला इतिहासहि आहे. १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं रेशनचा लाल मिलो निरुपायानें खाल्ला, त्यांस जाडेंभरडें अन्न म्हणजे हलाखीची खूण वाटली, तर नवल नाहीं. पण निरुपायानें खाल्लेलें अन्न वेगळें आणि आपल्या शेतांतलें, आपल्या आवडीचें अन्न वेगळें. सणासुदीस पुरणपोळी जरूर करावी. आमचें म्हणणें रोजच्या ताटाविषयीं आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काटकसरीचा उपदेश पुरुषांनीं करावा आणि तिचे कष्ट गृहिणीनें उपसावे, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. दळण आतां गिरणींत होतें हें खरें. परंतु शेंगोळे वळण्यास वेळ लागतो. ज्यांस ते खावयाचे आहेत, त्यांनीं हात धुवून परातीजवळ बसावें. त्यांत कमीपणा तो कसला?

संयुक्त राष्ट्रांनीं २०१६ हें वर्ष कडधान्यांचें व २०२३ हें भरड धान्यांचें म्हणून पाळलें. तीं वर्षें सरलीं. ताटांत काय वाढावें याचा निर्णय मात्र ज्याच्या त्याच्या घरींच व्हावयाचा. आठवड्यांतून दोन वेळां पावपाव किलो पीठ धरलें, तर वर्षास २६ किलो होतें. एवढें धान्य हलक्या जमिनीचे दहा गुंठेहि साधारण पावसांत देऊं शकतात.

तेव्हां आमच्या सभासद बंधूंस आमची आग्रहाची सूचना आहे कीं, येत्या खरिपांत प्रत्येकानें दहा गुंठे हुलगा केवळ घरासाठीं पेरावा, त्यांतून पुढील वर्षाचें बियाणें आधीं बाजूस काढावें, आणि पाहुणा आला असतां त्यास शेंगोळेच वाढावे. आपल्या पिकाचा मान आपणच आपल्या घरीं राखला नाहीं, तर बाजारानें तो राखावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?