व्हिसा, सातबारा आणि मी

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण तो माझे बाबाही वाचणार आहेत आणि यातली खरी गोष्ट त्यांचीच आहे.

मागच्या वर्षी मार्चमध्ये मला एक ई-मेल आला. सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडला, इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्यांसाठी जुलैमध्ये दोन आठवड्यांची उन्हाळी शाळा होती आणि तिच्यासाठी माझी निवड झाली होती. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आपलं. होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये मी अक्षरशः नाचले! बेलग्रेड म्हणजे निकोला टेस्लाचं म्युझियम असलेलं शहर. त्याच्या अस्थी तिथे ठेवलेल्या आहेत, तिथल्या विमानतळालाही त्याचंच नाव आहे. अचलपूरजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथल्या विहिरीवरची थ्री फेज मोटर ज्या तत्त्वावर चालते, त्याचं पेटंट टेस्लाला १८८८ साली मिळालं. रात्री-बेरात्री लाइन आली की बाबा टॉर्च घेऊन ती मोटर चालू करायला जातात. मला त्या माणसाचं शहर पाहायचं होतं, एवढंच.

घरी फोन केला. बाबा हसले आणि म्हणाले, "इथून मूर्तिजापूरले जाले शकुंतला नाही राह्यली, अन् तू बेलग्रेडले चालली!"

होस्टेलमध्ये एका सीनियरने छातीठोकपणे सांगितलं, "सर्बियाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट घे आणि बिनधास्त जा." पासपोर्ट तर माझ्याकडे नव्हताच, पण बाकीची माहितीही जुनी निघाली. सर्बियाने २०१७ च्या सप्टेंबरमध्ये भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय यायला परवानगी दिली होती. युरोपात असं दार आपल्यासाठी दुसऱ्या कुणी उघडलेलं नव्हतं. १ जानेवारी २०२३ पासून ते बंद झालं. आता साध्या भारतीय पासपोर्टवर सर्बियाला जायचं तर आधी व्हिसा हवा. ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा आहे त्यांना सवलत मिळते. म्हणजे ज्याच्यासाठी एक मोठं दार उघडलं त्याच्यासाठी दुसरं आपोआप उघडतं, आणि पहिल्यांदाच निघालेला बाहेरच उभा राहतो!

हे दार का बंद झालं ते समजून घेतलं पाहिजे. सर्बिया २०१२ पासून युरोपियन युनियनचा उमेदवार देश आहे. आपले व्हिसाचे नियम युनियनशी जुळवून घ्यायचे, ही उमेदवाराकडून अपेक्षा असते. २०२२ मध्ये पश्चिम बाल्कनच्या वाटेने युनियनच्या सीमा चोरून ओलांडण्याच्या सुमारे १ लाख ४५ हजार घटना नोंदल्या गेल्या. त्यात बहुतेक लोक सीरिया, अफगाणिस्तान अशा देशांतले होते. पण काही आपलेही होते. टूरिस्ट म्हणून बेलग्रेडला उतरायचं, मग एजंटच्या भरवशावर हंगेरी किंवा ऑस्ट्रियाकडे सरकायचं. युनियनने दबाव आणला आणि सर्बियाने आधी बुरुंडी व ट्युनिशिया, मग भारत, अशा सवलती काढून घेतल्या. थोड्यांनी खोटं कारण सांगून दार वापरलं आणि ते सगळ्यांसाठी लागलं.

गंमत म्हणजे त्याच दिवशी, १ जानेवारी २०२३ ला, शेजारचा क्रोएशिया शेंगेनमध्ये सामील झाला. "बाल्कनचा व्हिसा" असा काही एक प्रकार नसतो, हे मला तेव्हा कळलं. ग्रीस, स्लोव्हेनिया, क्रोएशिया शेंगेनमध्ये आहेत. बल्गेरिया आणि रुमानियाच्या विमानतळांवरची तपासणी मार्च २०२४ मध्ये गेली आणि रस्त्यावरची १ जानेवारी २०२५ ला. सर्बिया, बोस्निया, मॉन्टेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, अल्बानिया हे शेंगेनच्या बाहेर, प्रत्येकाचे नियम वेगळे. नकाशावर हे देश आपल्या विदर्भातल्या जिल्ह्यांसारखे खेटून आहेत, पण अमरावतीहून अकोल्याला गेल्यासारखं इकडून तिकडे जाता येत नाही. टेस्लाचा जन्म ज्या स्मिल्यान गावी झाला ते आज क्रोएशियात आहे आणि त्याचं म्युझियम सर्बियात. दोन्ही पाहायचं तर नियमही दोन देशांचे पाहावे लागतात.

आता कागदपत्रं. निमंत्रणपत्र, जाण्यायेण्याचं आरक्षण, राहण्याची सोय, वैद्यकीय विमा, कॉलेजचं पत्र आणि खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा. (तिथे पोचल्यावर २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंदही करावी लागते. हॉटेलवाले ती स्वतः करतात, कुणाच्या घरी राहिलात तर यजमानाला करावी लागते.) बाकी सगळं जमण्यासारखं होतं. अडलं ते शेवटच्या मुद्द्यावर.

व्हिसाच्या यादीत पैशाचा पुरावा म्हणजे साधारणपणे पगाराची स्लिप, आयकराचं रिटर्न आणि काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट. बाबांना पगार नाही, म्हणून स्लिप नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्न कधी भरलंच नाही. राहिलं बँक स्टेटमेंट. संत्र्याच्या घरचं स्टेटमेंट कसं असतं ते आपल्यापैकी निम्म्या लोकांना माहीत आहे. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे जातो, व्यापारी बगीचा घेतो, एकदम रक्कम जमा होते. मग सोसायटीचं कर्ज, दुकानदाराची उधारी, माझी फी, आणि मे महिन्यात पेरणीच्या तोंडावर खातं पुन्हा कोरडं! आम्ही गरीब नाही. आमच्याकडे विहीर आहे, झाडं आहेत, सातबारा आहे. पण आमची श्रीमंती झाडावर लटकलेली असते, पासबुकात दिसत नाही. मी मे महिन्यातच अर्ज करणार होते.

जवळच्या शहरातल्या एका एजंटने यावर अगदी सोपा तोडगा सांगितला. "पाच लाख दहा दिवसांसाठी तुमच्या खात्यात टाकतो. स्टेटमेंट काढा, पैसे परत करा. बारा हजार कमिशन." त्याच्या मते यात काही चूक नव्हती, "सगळेच करतात." खरं सांगते, मी तयार होते. दोन आठवडे अभ्यासच तर करायचा होता! कुणाची फसवणूक होणार होती?

बाबा खुर्चीतून उठले. म्हणाले, "जे पैसे आपले नाही, ते आपले काहून म्हणाचे? उद्या त्या सायबानं इचारलं, का हे कुठून आले, तं तू काय सांगशीन?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आज वाटतं, बेलग्रेडचं दार ज्या कारणाने बंद झालं नेमकं तेच मी करायला निघाले होते. माझा हेतू चांगला होता, हे माझ्या कपाळावर लिहिलेलं नाही. व्हिसा अधिकाऱ्यासमोर माणूस नसतो, कागद असतो. त्यातला एक खोटा निघाला की उरलेले खरे कागदही संशयात येतात आणि पुढच्या वेळी मराठी मुलखातून आलेल्या दुसऱ्या कुणाच्या फाइलवर तो संशय उतरतो.

मग आम्ही खरी फाइल करायला बसलो. सातबारा आणि आठ-अ काढले, इंग्रजी भाषांतर करून नोटरी केली. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणला. तीन वर्षांच्या बहाराच्या विक्रीच्या पावत्या जोडल्या. स्टेटमेंट सहा महिन्यांऐवजी पूर्ण वर्षाचं काढलं, म्हणजे दिवाळीची जमा त्यात आली. बाबांनी एक पत्र सही करून दिलं, त्यात आमचे पैसे कधी येतात आणि कशात जातात ते साध्या शब्दांत लिहिलं होतं. ती फाइल पाहून मला पहिल्यांदा वाटलं की आपलं घर कागदावरही दिसू शकतं.

पण तोवर उशीर झाला होता. पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार अचलपूरच्या घरी आले तेव्हा मी इथे होस्टेलवर सबमिशन लिहीत होते, तिथे दोन आठवडे गेले. ती चूक माझी. कॉलेजच्या ना-हरकत पत्राला अकरा दिवस लागले, कारण नमुना कुणाकडेच नव्हता आणि सही करणारे परीक्षेच्या ड्यूटीवर होते. शेवटी हिशेब केला तर अर्ज देऊन व्हिसा हातात येईपर्यंत शाळा सुरू होऊन गेली असती. मी आयोजकांना तसं कळवलं. माझी जागा वेटिंगवरच्या मुलीला मिळाली. नकाराचा शिक्का नाही, भांडण नाही, फक्त वेळ संपली.

माझी रूममेट म्हणते, "ज्यांना आपण नको त्यांच्या दारात कशाला गयावया करायची? आपला देश काय लहान आहे?" मला हे पटत नाही. पासपोर्ट हा हक्काचा विषय आहे. १९६७ साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला आणि त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. व्हिसा मात्र यजमानाची परवानगी आहे. आपणही बहुतेक परदेशी पाहुण्यांकडून व्हिसा मागतोच की. विचारण्याचा त्यांना अधिकार आहे, खरं उत्तर देण्याची जबाबदारी आपली.

पण तक्रार मुळीच नाही असंही नाही. पगारदाराचं घर म्हणजेच विश्वासू घर, असं धरून या याद्या बनल्या आहेत. शेतकऱ्याच्या पोरीने स्वतःचा खरेपणा सिद्ध करायला तिप्पट कागद जोडायचे, हा न्याय नाही. १९६१ मध्ये अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडलाच भरली होती आणि पंडित नेहरू तिथे गेले होते. इतकी जुनी ओळख असलेल्या दोन देशांना निमंत्रण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी, स्वच्छ रांग करणं अवघड नसावं. ज्याचं निमंत्रण तपासता येतं आणि ज्याची हमी कॉलेज घेतं, त्याला सगळ्यांबरोबर संशयाच्या रांगेत उभं करू नये.

ते जेव्हा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात जे आहे त्याबद्दल मी आपल्या कॉलेजला तीन गोष्टी मागते. एक, फर्स्ट इयरलाच प्रत्येकाला पासपोर्टचा अर्ज करायला लावावा. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे आणि अठरा वर्षांनंतर काढलेला दहा वर्षं चालतो. दोन, बोनाफाइड आणि ना-हरकत पत्राचा इंग्रजी नमुना ऑफिसमध्ये तयार ठेवावा आणि तीन दिवसांत सही मिळावी. सर, परीक्षेची ड्यूटी असली तरी! तीन, जो कुणी बाहेर जाऊन येईल किंवा माझ्यासारखा न जाता राहील, त्याने आपल्या फाइलची एक प्रत, खाजगी माहिती झाकून, लायब्ररीत ठेवावी. पहिली प्रत माझी. त्यात सातबाऱ्याचं भाषांतर आहे, ते कुणीही नमुना म्हणून वापरा. फक्त नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी दूतावासाच्या संकेतस्थळावरची यादी स्वतः वाचा. सीनियरवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही!

आयोजकांनी यंदा पुन्हा अर्ज करायला सांगितलं होतं. मी केला आहे. पासपोर्ट कपाटात आहे, फाइल अर्धी तयार आहे. परवा बाबांचा फोन आला. म्हणाले, "बगीचा इकला. पैसे खात्यात पडले. तुह्या फाइलीसाठी पासबुक भरून ठेवलं."

हे पैसे आमचे आहेत.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल
मुलींचे वसतिगृह